रेकॉर्डकाकांची खुर्ची

लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात कुणाचा वाढदिवस असला की लोक फुलं आणायचे, केक आणायचे आणि रेकॉर्डकाका आकडा आणायचे. बेचाळीस पूर्ण झालेल्या एका रेडिऑलॉजिस्टचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं होतं, "बेचाळीस नंबरची जर्सी अख्ख्या बेसबॉलमधून रिटायर केलेली आहे. नव्या माणसाला मिळत नाही. तुम्हाला मिळाली आहे, जपून वापरा." छप्पन्न वर्षांच्या माणसाला ते सांगायचे की सलग छप्पन्न सामन्यांत चेंडू नीट फटकावणारा एक जण होऊन गेला, पण सत्तावन्नाव्यात अडकला, तेव्हा पुढचं वर्ष सांभाळा. एका सर्जनच्या एकसष्टीला तर ते फारच रंगात आले. एका मोसमात साठ होमरनचं, म्हणजे तिकडच्या षटकारांचं, रेकॉर्ड चौतीस वर्षं टिकलं होतं, मग एकाने एकसष्टावा मारला, आणि जुन्या हिरोच्या भक्तांनी त्याला इतकं छळलं की बिचाऱ्याचे केस गळाले. एवढं सांगून काकांनी सत्कारमूर्तींच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला तसा धोका नाही."

हे सगळं ते अजिबात न हसता बोलायचे. नवीन माणसाला वाटे, हे गृहस्थ चिडले आहेत. जुन्यांना माहीत होतं की हा त्यांचा आनंदी चेहरा आहे. ते पॅथॉलॉजिस्ट होते आणि पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून बसले होते. "माझ्याकडे पेशंट येत नाहीत, नमुने येतात. नमुन्यांशी हसून बोलायची गरज नसते," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

बेसबॉलची बाधा त्यांना अमेरिकेत झाली. लीड्सला येण्याआधी दोन वर्षं ते तिकडच्या एका गावात शिकायला होते. घरमालकीण म्हातारी, विधवा, आणि उन्हाळाभर पोर्चमध्ये रेडिओ लावून बसणारी. काका मुंबईहून गेलेले, म्हणजे रक्तात क्रिकेट. पहिला महिनाभर त्यांना वाटलं की हा काहीतरी शेतीविषयक कार्यक्रम असावा, कारण बराच वेळ काही घडतच नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हातारी स्वयंपाकघरात गेली की मध्ये काय झालं ते काका तिला सांगू लागले. मग लीड्सची नोकरी मिळाली आणि इथे पोचल्यावर त्यांना कळलं की या देशात बेसबॉल म्हणजे शाळेतल्या मुलींचा राउंडर्स नावाचा खेळ. "तीस वर्षं झाली, अजून मला लोक विचारतात की राउंडर्सची रेकॉर्ड्स कशाला पाठ करता," ते सांगत. क्रिकेट त्यांनी सोडलंच होतं. पाच दिवस खेळून शेवटी निकाल नाही, हा अनुभव आपल्याला हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये फुकट मिळतो, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांच्या घरी राहायला आले ती डॉक्टरांच्या इथल्या परीक्षेसाठी. तेव्हा भारतातून आमच्यासारखे डॉक्टर बॅगा घेऊन रांगेने येत होते आणि ज्यांची कुणाची ओळख निघेल त्यांच्या वरच्या खोलीत मुक्काम ठोकत होते. माझी ओळख काकूंच्या मावसबहिणीकडून निघाली. चार महिन्यांसाठी म्हणून आले. मग परीक्षा झाली, लीड्समध्येच नोकरी मिळाली, आणि "आता कुठे जातेस, खोली रिकामीच आहे" असं काकू म्हणाल्या. त्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं काढली. काकांची मुलगी अनघा ग्लासगोला वकील होती, तिची खोली होती ती. भिंतीवर तिच्या शाळेतल्या पोहण्याच्या बक्षिसांच्या रिबिनी अजून होत्या. काकांच्या मते पोहण्याची रेकॉर्ड्स रेकॉर्ड्स नव्हेत, तो पाण्याचा गुणधर्म आहे.

टीव्हीवर अमेरिकेतले सामने लागायचे मध्यरात्रीनंतर. काका ते टेप करून ठेवत आणि रविवारी पोह्यांनंतर बघत. तोवर कुणीही निकाल सांगायचा नाही, अशी त्यांनी मंडळातल्या यच्चयावत लोकांना ताकीद दिलेली होती. मंडळात एकाही माणसाला निकाल माहीत नसायचा, माहीत करून घ्यायची इच्छाही नसायची. तरी रविवारी सकाळी काका फोनची वायर काढून ठेवत. काकूंच्या नागपूरच्या बहिणीला मुलगा झाला ही बातमी त्यामुळे आम्हाला दुपारी तीनला कळली. "मुलगा पळून जाणार नव्हता," काका म्हणाले.

सगळ्यांना वाटायचं की यांना मोठ्या विक्रमांचं वेड आहे. तसं नव्हतं. त्यांना आवडणारी रेकॉर्ड्स वाकडी असायची. बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि सर्वांत जास्त सामने हरलेला पिचर हा एकच माणूस आहे, हे ते परीक्षेत नापास झालेल्या प्रत्येक डॉक्टरला सांगत. "इतक्या वेळा हरायला आधी इतक्या वेळा कुणीतरी तुमच्या हातात चेंडू द्यावा लागतो," हे त्यांचं वाक्य मी पहिल्या खेपेला नापास झाले तेव्हा मला ऐकवलं गेलं. मला तेव्हा ते अजिबात आवडलं नाही. आज मी ते माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते.

दुसरा त्यांचा आवडता माणूस म्हणजे सोळा-सतरा वर्षं एकही सामना न चुकवता खेळलेला एक खेळाडू. तो थांबला कसा, तर हाडबिड मोडलं नाही, आजारी पडला नाही. एका संध्याकाळी सामन्याआधी तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, आज नाही. झालं. "एवढं मोठं रेकॉर्ड, पण त्याने ते दोन शब्दांत बंद केलं," काका सांगत. "माणसाला कधी बसायचं ते कळलं पाहिजे."

आणि काकूंचा आवडता होता तो बारा इनिंगवाला.

काकूंना बेसबॉल आवडत नव्हता, पण तीस वर्षं शेजारी राहिल्यावर माणसाला शेजाऱ्याची भाषा येतेच. त्या एका शाळेत गणित शिकवत आणि शनिवारी मंडळाच्या वर्गात इथे जन्मलेल्या मुलांना मराठी. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि वाद घालताना हातातली पोळी उलटायला न विसरणाऱ्या. बारा इनिंगवाल्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. सामना असतो नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ छोट्या डावांचा. नऊच्या नऊ इनिंग पिचरने समोरच्या एकाही माणसाला पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही, तर तिला परफेक्ट गेम म्हणतात. शंभराहून जास्त वर्षांत अशा गेम्स वीससुद्धा झालेल्या नाहीत. या माणसाने नऊ सोडा, बारा इनिंग परफेक्ट टाकल्या. पण त्याच्या संघालाही एक धाव काढता येईना, म्हणून सामना चालूच राहिला, आणि तेराव्या इनिंगला तो हरला. "आणि पुढे किती वर्षांनी एक कमिटी बसली आणि तिने त्याचं नाव परफेक्टवाल्यांच्या यादीतून काढून टाकलं," काकू म्हणाल्या. "शेवटी हरला ना, म्हणून. मला तो बिचारा फार आवडतो गं."

"नियम नियम असतो," काका पेपरामागून म्हणाले.

"बारा इनिंग नीट गेल्या त्याचं काय?"

"त्याचं काही नाही."

"बघ," काकू मला म्हणाल्या. "अशा माणसाबरोबर मी संसार केला."

मी यायच्या काही महिने आधी काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. केमो, रेडिएशन, सगळं. मी आले तेव्हा त्यांचे केस नुकते परत येत होते, आणि तो विषय त्या माझ्याशी मोकळेपणी बोलत. दरवर्षी तपासणी व्हायची आणि दरवर्षी ती चांगली यायची. पाच वर्षं अशी गेली की इथे डॉक्टर जरा हात सैल सोडतात. पण काका त्याबद्दल चकार शब्द बोलत नसत. तपासणीला गाडी चालवत न्यायचे, आणायचे, वाटेत अमेरिकेतल्या संघांची खबरबात सांगायचे. क्लिनिकमध्ये ते काकूंच्या शेजारी बसत नसत, समोरच्या भिंतीपाशी बसत. घरी तर त्याहून विचित्र होतं. दिवाणखान्यात काकूंच्या सोफ्याशेजारी त्यांची एक हिरवी खुर्ची होती. ऑपरेशन झाल्यावर काकू घरी आल्या त्या आठवड्यात ती खुर्ची उचलून त्यांनी पार खिडकीशी नेऊन ठेवली होती. तिथे टीव्ही तिरका दिसायचा. मान वाकडी करून ते बघायचे, पण खुर्ची हलवायचे नाहीत.

सुरुवातीला मला वाटलं, पुरुषांचं असतं तसलं काहीतरी. खरं कारण मला एका रविवारी मैदानावर कळलं.

लीड्समध्ये बेसबॉलचा एक हौशी संघ होता, हे लीड्समध्येही फार लोकांना माहीत नव्हतं. दोन प्लंबर, एक शिक्षक, एक बेकरीवाला, आणि लग्न करून इकडे आलेले दोन अमेरिकन, ज्यांचं वजन बघता ते पळायला नाखूश असणं स्वाभाविक होतं. काका त्यांचे स्कोअरर. संघ निघाल्यापासून त्यांनी एकही सामना चुकवला नव्हता. पावसाने रद्द झालेल्या सामन्यांनाही ते छत्री घेऊन जात आणि "रद्द" असं लिहून येत. त्या रविवारी मीही गेले होते. आमचा पिचर गॅरी नावाचा प्लंबर होता आणि त्याला काय झालं होतं कोण जाणे, समोरचा एकही माणूस बेसपर्यंत पोचत नव्हता. पाचवी इनिंग झाली, सहावी झाली. एकेक करून आमचे लोक बाकावर गॅरीपासून लांब सरकू लागले. शेवटी गॅरी बाकाच्या एका टोकाला एकटा आणि बाकी सगळे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. मी मोठ्या उत्साहाने म्हणायला गेले, "अरे, अजून एकही..."

काकांनी माझ्या तोंडासमोर थर्मासचं झाकण धरलं. "चहा घे," ते म्हणाले. आणि मला उठवून थेट कुंपणापर्यंत घेऊन गेले.

कुंपणाशी हळू आवाजात त्यांनी मला रिवाज सांगितला. पिचरची परफेक्ट गेम चालू असली की तिचं नाव काढायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या जवळ बसायचं नाही. कुणी बोललं की ती मोडते.

"काका, तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

"मैदानावर नाही."

सातव्या इनिंगला गॅरीची गेम मोडली. त्याबरोबर सगळा संघ बाकाच्या त्या टोकाला धावला, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी केस विस्कटले, दोघं त्याला खेटून बसले. मी काकांकडे बघत होते आणि मला खिडकीजवळची हिरवी खुर्ची दिसत होती.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. फार मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं की काका लांब का बसतात, का बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यात तुमची परफेक्ट गेम चालू आहे. काकू शांतपणे भेंडी चिरत होत्या.

"मला माहीत आहे ते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आठवड्यात खुर्ची हलली तेव्हाच कळलं. तीस वर्षं ऐकतेय मी, मला कळणार नाही?"

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? त्यांना वाटतंय, ते मला सांभाळतायत. एवढ्या नेमाने सांभाळतायत. मी सांगितलं, आणि उद्या काही निघालं, तर ते आयुष्यभर म्हणतील की बोललो म्हणून झालं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "पण मी पिचर नाहीये, केतकी. मला बाकावर एकटं बसायला आवडत नाही. मला भीती वाटते, आणि ती मी तुला सांगते, अनघाला फोनवर सांगते, जीपी डॉक्टरला सांगते. एवढ्या सगळ्यांत त्यांनाच तेवढी सांगता येत नाही."

मला त्या दिवशी काकांचा भयंकर राग आला. आणि दया आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस काही करत नाही, तशी मी उरलेली भेंडी चिरली.

त्याच सुमारास अमेरिकेत एका शहराच्या संघाने शहाऐंशी वर्षांनी विजेतेपद मिळवलं. रविवारी टेप संपल्यावर काका खिडकीपाशी बसून ढसाढसा रडले. तो त्यांचा संघही नव्हता. त्या पोर्चमधल्या म्हातारीचा होता. जन्मभर वाट पाहून ती केव्हाच गेली होती, आणि तिला सांगायला कुणी उरलं नव्हतं. काकू सोफ्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या. "ऑपरेशनच्या दिवशी यांच्या डोळ्यात टिपूस नव्हतं," त्या मला पुढे एकदा म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, पण सांगितलं.

मग पाचवं वर्ष आलं. नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटची तपासणी होती आणि त्याआधी दहा-बारा दिवस मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. आमचे अध्यक्ष बापट हे भूल देणारे डॉक्टर होते, मनाने अतिशय चांगले, आणि सत्कार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुणाला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, सत्कार. कुणाचा मुलगा ग्रेड फाइव्ह पियानो पास झाला, सत्कार. तेव्हा काकूंची पाच वर्षं ही गोष्ट ते सोडतील हे शक्यच नव्हतं. नाटुकलं झालं, फराळाआधी बापट माइक घेऊन उभे राहिले, आणि दीडशे माणसांसमोर म्हणाले, "मंडळी, आज एक खास माइलस्टोन आहे. आपल्या सुधाताईंनी कॅन्सरला कम्प्लीटली हरवून पाच वर्षं पूर्ण केली आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंना स्टेजवर बोलावलं. शाल आली, ब्रॅडफर्डहून आणलेला नारळ आला. मी काकांकडे पाहिलं. ते शेवटच्या रांगेत होते, काकूंपासून जमेल तेवढे लांब, आणि त्यांच्या हातातली चकली तशीच अर्धवट राहिली होती. मग ते उठले. अख्खा हॉल चालत पार करून स्टेजवर गेले, बापटांच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, "अजून शेवटची इनिंग बाकी आहे."

लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्या दुप्पट झाल्या. बापटांनी त्यांनाही शाल घातली, नारळ दिला. गाडीतून घरी आलो. मागच्या सीटवर मी, मांडीवर दोन नारळ.

तपासणीत यकृतावर डाग निघाले.

ते सांगितलं तेव्हा मीही सोबत होते. काकू पुढच्या तारखा विचारू लागल्या. काका समोरच्या भिंतीपाशी बसले होते. त्यांनी डॉक्टरांकडून रिपोर्ट मागून घेतला, स्वतः वाचला, दोनदा वाचला, पॅथॉलॉजिस्ट वाचतो तसा. घरी आल्यावर काकू कोट न काढताच सोफ्यावर बसल्या. काका खिडकीकडे गेले. हिरवी खुर्ची जड होती, पण त्यांनी ती मला उचलू दिली नाही. धापा टाकत आणली आणि सोफ्याला लावून ठेवली. खिडकीशी कार्पेटवर तिच्या चार पायांचे चार खोल खळगे उरले.

ते बसले. काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सुधा, आता बोलायला हरकत नाही."

"पाच वर्षं लागली हो," काकू म्हणाल्या, आणि मग इतका वेळ न रडलेल्या त्या रडल्या.

"दुखतं का?"

"अजून नाही."

"भीती वाटते?"

"खूप वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"मलाही," काका म्हणाले. मी वरच्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बापट आले. शाल घालणाऱ्या माणसाचा एवढासा झालेला चेहरा मी प्रथमच पाहिला. माझ्यामुळे झालं, मी आधीच बोलायला नको होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. मला धास्ती वाटली की काका आता खरंच त्यांना बोलतील. काकांनी त्यांना चहा दिला.

"बापट, मी हे काम पस्तीस वर्षं केलं आहे," ते म्हणाले. "पेशींना मराठी येत नाही. तुमचं भाषण त्यांना कळलेलं नाही. हे तुमच्या शालीच्या खूप आधी सुरू झालं होतं." मग ते म्हणाले, "मी गप्प बसलो होतो तेव्हाच."

हे वाक्य ते बापटांना सांगत नव्हते, हे बापट सोडून आम्हा सगळ्यांना कळलं.

त्यानंतर काकू सव्वा वर्ष होत्या. ते सव्वा वर्ष त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या तीस वर्षांत झालं नसेल. मी कामावरून यायचे तेव्हा दिवाणखान्यातून दोघांचे आवाज यायचे. भांडायचेसुद्धा. मेल्यावर कुठल्या साडीत न्यायचं यावरून त्यांचं एकदा जोरदार भांडण झालं आणि ते काकूंनी जिंकलं. अनघा दर शुक्रवारी ग्लासगोहून ट्रेनने यायची. पहिल्या वेळी दारातच थबकून ती मला म्हणाली, "केतकी, बाबा टॉक करतोय. Like, non-stop. काय झाला त्याला?" मी म्हटलं, खुर्ची हलली. तिला कळलं. तीही त्याच घरात वाढली होती.

उन्हाळ्यात संघाचे सामने सुरू झाले. पहिल्या रविवारी काकूंची केमो नुकतीच होऊन गेली होती, त्यांना डोकं उचलवत नव्हतं. काकांनी फोनची वायर जोडली, संघाच्या कॅप्टनला फोन लावला आणि इंग्रजीत दोन शब्द बोलले. "Not today." फोन ठेवला. इतक्या वर्षांत चुकलेला तो पहिला सामना. काकू सोफ्यावरून म्हणाल्या, "अहो, तुमचं रेकॉर्ड!" काका म्हणाले, "माणसाला कधी बसायचं ते कळलं पाहिजे," आणि खुर्चीत बसले.

शेवटी शेवटी एकदा काकू मला म्हणाल्या, "माझ्या बारा इनिंग नीट गेल्या गं." मी काही बोलायच्या आत शेजारून काका म्हणाले, "गेल्या. यादीत आहेत."

"कमिटीने काढल्या तर?"

"कमिटीत मी आहे."

काकू मार्चमध्ये गेल्या, त्यांनी भांडून ठरवलेल्या साडीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत होमरनचं सर्वांत मोठं रेकॉर्ड मोडलं, ज्याने मोडलं त्याच्यावर औषधं घेतल्याचा संशय होता आणि तिकडे बराच आरडाओरडा झाला. काकांनी टेप लावली नव्हती. बातमी मी त्यांना सांगितली, निकाल कुणी आधी सांगितल्याची ती पहिलीच वेळ. "असं का?" ते म्हणाले आणि चहा प्यायले. पुढे त्यांनी घर विकलं आणि ते अनघाकडे ग्लासगोला गेले. मला मँचेस्टरला नोकरी लागली होती. निघायच्या दिवशी त्यांनी ट्रकवाल्यांना सोफा द्यायला सांगितला, डायनिंग टेबल द्यायला सांगितलं, हिरवी खुर्ची मात्र स्वतःच्या गाडीत घातली. ती मावत नव्हती. डिकी दोरीने बांधून ते दोनशे मैल गेले.

मंडळातले लोक सांगतात की काकू गेल्यानंतर काकांना एक नवी खोड लागली होती. कुणी आजारी आहे असं कळलं की ते जाऊन अगदी खेटून बसायचे आणि सरळ विचारायचे, काय झालंय, दुखतं का, भीती वाटते का. काही लोकांना ते उद्धट वाटे. बापटांचं बायपास झालं तेव्हा काका ग्लासगोहून मुद्दाम आले आणि दोन तास त्यांचा हात धरून बसले. बापट म्हणतात, त्या आजारपणात माझा खरा सत्कार तेवढाच झाला.

दोन वर्षांनी अनघाचा फोन आला. काका ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये होते, हृदय थकलं होतं, आता फार नाही. मी मँचेस्टरहून सकाळची ट्रेन पकडली. वॉर्डात पोचले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते, बरेच बारीक झाले होते. झोप मोडू नये म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीवर अलगद टेकले. डॉक्टर झाल्यापासून मला अशा खोल्यांत कुठे बसायचं ते आपोआप ठरवता येतं, आणि मी नेहमी दाराजवळची जागा निवडते.

त्यांनी एक डोळा उघडला.

"एवढ्या लांब काय बसलीस?" ते म्हणाले. "इथे कुणाची परफेक्ट गेम चालू नाहीये."

मी उठले, खुर्ची उचलून त्यांच्या पलंगाला लावली, आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काका, भीती वाटते का?"

"वाटते," ते म्हणाले. "बस."